कोरडा क्रूस

दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वळण आहे आणि त्या वळणावर पाइनच्या झाडांचं दाट बन आहे. एस्टोनियाच्या आमच्या या आग्नेय कोपऱ्यात कोणीही मेलं की शवपेटीची गाडी तिथे थांबतेच. मेलेल्याच्या जवळचा एखादा पुरुष खाली उतरतो, एक झाड निवडतो आणि चाकूने त्याच्या खोडावर क्रूस कोरतो. बाकीचे लोक पाय आपटत उभे राहतात, व्होडकाचा एकेक घोट घेतात आणि मग गाडी पुढे जाते. म्हातारी माणसं सांगतात, की मेलेल्याला आपण मेलोय हे लवकर पटत नाही. तो कबरीतून उठून घरची वाट धरतो. या वळणापर्यंत येतो, आपला क्रूस बघतो, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. मग तो त्या झाडापाशीच राहतो, घरच्यांच्या वाटेला जात नाही. हे खरं मानता का, असं विचारलंत तर गावातला एकही माणूस हो म्हणणार नाही. आणि क्रूस न कोरता पुढे गेलेली गाडीही अजून कोणी पाहिलेली नाही.

फेब्रुवारीत इल्मेची गाडी तिथे थांबली तेव्हा चाकू तिच्या नवऱ्याच्या, एन्देलच्या हातात आला. खरं तर तो मान इल्मेच्या धर्मपुत्राचा, तिने बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेल्या पोराचा. पण ते पोर आता टक्कल पडून स्वीडनमध्ये राहतं आणि वादळामुळे बोटी बंद होत्या. एन्देलला मुलगा नाही. एकुलती एक मुलगी काइरे, ती रडून रडून लाल झालेलं नाक घेऊन गाडीपाशी उभी होती. एन्देलने हयातभर जंगलखात्याच्या तुकडीत यांत्रिक करवत चालवलेली. लाकडाला हात घालायचा म्हटलं तर त्याच्याहून लायक माणूस कोण मिळणार, असंच सगळ्यांना वाटलं.

त्याने झाड निवडायला वेळ लावला. शेवटी बनातला सगळ्यांत जाडजूड, म्हातारा पाइन निवडला आणि लोकांकडे पाठ करून उभा राहिला. पुष्कळ वेळ उभा राहिला. ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं, कोणीतरी खोकलं. मग एन्देल मागे वळला, चाकू पुसून खिशात टाकला आणि गाडीत बसला. क्रूस दिसत होता, चांगला हातभर उंच.

पण तो क्रूस खोटा होता.

म्हाताऱ्या पाइनची साल बुंध्यापाशी तळहाताएवढी जाड असते आणि वरवरची सगळी मेलेली असते. चाकू तिच्यातून पार जाऊन पांढऱ्या लाकडाला लागला, तरच झाडाला कळतं की आपल्याला काहीतरी झालंय. एन्देलने चाकू सालीतच फिरवला. म्हणून तर त्याने एवढ्या जाड सालीचं झाड शोधलं होतं. कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. करवतीच्या थरथरीने बोटांतलं रक्त आटतं, थंडीत ती मेणासारखी पांढरी पडतात आणि काही कळेनासं होतं. आमच्याकडच्या निम्म्या लाकूडतोड्यांना हे दुखणं आहे. पण त्या दिवशी त्याला सगळं नीट कळत होतं. चाकू लाकडाला लागला असता तर इल्मे त्या वळणावर थांबली असती. आणि त्याला ती थांबायला नको होती. त्याला ती घरी यायला हवी होती.

आता यात हसण्यासारखं काही नाही. जो माणूस बायको जिवंत असताना तिच्याशी दिवसाकाठी चार शब्द धड बोलला नाही, त्याला ती गेल्यावर घर किती मोठं झालंय ते समजलं. बोलायचं खातं इल्मेचं होतं. ती चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, झाडांशी तर बोलायचीच. मार्चअखेरीस बर्चच्या खोडाला भोक पाडून त्याचं गोड पाणी काढायचं, तर आधी झाडाला हात लावून म्हणायची, "थोडं घेते हं." आणि बादली भरली की एक लाकडी खुंटी घासून त्या भोकात घट्ट बसवायची. एन्देल तिला चिडवायचा, की मीही रोज सकाळी पन्नास झाडांची माफी मागत बसलो तर आपण खाणार काय.

एकदा, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा, त्याने तिला एक ओंडका दाखवला होता. आत, मधोमध, युद्धातली बंदुकीची गोळी होती. गोळीभोवती लाकूड काळं पडलं होतं आणि त्या काळ्याभोवती एकामागून एक स्वच्छ वलयं वाढत गेली होती. तो तिला म्हणाला होता, की लोक उगाच म्हणतात झाडाची जखम भरते. काही भरत नाही. झाड तिला बंद करतं आणि बाहेरच्या बाजूने वाढत राहतं. आत सगळं तसंच असतं. इल्मेने त्या गोळीवरून बोट फिरवलं होतं.

"मग बरं होणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं, लाकूडतोड्या?" ती म्हणाली होती.

तो उठून करवतीला तेल घालायला गेला होता.

तर तो हिवाळा एन्देलने वाट बघण्यात काढला. रोज संध्याकाळी दाराला आतून कडी लावायचं काम इल्मेचं होतं. आता त्याने कडी लावलीच नाही. दार नुसतं लोटलेलं ठेवायचं. वाऱ्याने ते करकरत उघडायचं आणि उंबऱ्यावर बर्फाची रांगोळी जमायची, पण त्याने ते चालवून घेतलं. टेबलावर तिचा कप तो पालथा करत नसे. पलंगाच्या तिच्या बाजूला सरकत नसे. घरात हळू चालायचा, कारण ती आली तर ऐकू यायला हवं. छपरावरून बर्फ घसरलं की उठून बसायचा. शनिवारी सवयीने सौना, म्हणजे वाफेच्या न्हाणीची खोली, तापवायचा आणि आत गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की माणसाला स्वतःची पाठ स्वतः घासता येत नाही. अंगावर मारायची बर्चच्या पानांची जुडी पाण्यात तशीच भिजत पडायची.

ती आली नाही.

कधी कधी त्याला तिचा रागही यायचा. आपण कामावरून उशिरा आलो की घर डोक्यावर घेणारी ही बाई, आणि आता स्वतः बघा. मग त्या रागाचीच लाज वाटून तो बाहेर जाऊन लाकडं फोडत बसायचा. पुढची तीन वर्षं पुरतील एवढी लाकडं त्याने त्या हिवाळ्यात फोडली.

एप्रिलमध्ये रस्त्यांचा चिखल झाला आणि काइरे आली. ती फिनलंडमध्ये, तुर्कूत राहते. तिथे तिचं काम असं, की शहरातल्या थकल्याभागल्या लोकांना जंगलात न्यायचं, झाडांना टेकवून बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि बरं करून घरी पाठवायचं. लोक या कामाचे पैसे देतात, हे एन्देलला आजतागायत पटलेलं नाही.

या खेपेला ती त्याला कायमचं घेऊन जायच्या तयारीने आली होती. तिच्या घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती. एन्देल म्हणाला, बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, हे काइरेला चांगलं ठाऊक होतं, पण ती आईच्या वळणावर गेलेली. तिने जेवताना, भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना तोच विषय लावून धरला.

"बाबा, तू दिवसभर कोणाशी बोलतोस?"

"आजवर कोणाशी बोलत होतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला घरामागच्या जंगलात ओढून नेलं, ऐन वेळी पाडायच्या राहून गेलेल्या एका पाइनला पाठ टेकून बसवलं आणि डोळे मिट म्हणाली. सांगू लागली, की तिला शिकवणारे लोक म्हणतात, माणूस आणि जंगल या दोन गोष्टी नाहीतच. एकाची जखम ती दुसऱ्याची जखम. आपण जंगलाला मोकळं सोडलं, की जंगल आपल्याला बरं करतं.

"जंगलाने मला बरं केलं," एन्देल डोळे मिटूनच म्हणाला. "कंबरदुखी दिली, एक कान घेतला, बोटं पांढरी केली. आणखी बरं केलं असतं तर मेलोच असतो."

"तू जंगलात कधी करवतीशिवाय बसला आहेस का, बाबा? एकदा तरी?"

त्याने आठवून बघितलं. बसला नव्हता. पाठीमागे खोड हलत होतं, अगदी बारीक, वर वारा असल्यासारखं. एवढी झाडं पाडली, पण पाडायच्या आधी झाड आतून हलत असतं हे त्याने कधी पाठीने ऐकलं नव्हतं. त्याला ते आवडलं आणि आवडलं याचा राग आला. थोड्या वेळाने त्याला तिथेच झोप लागली, आणि काइरेने हे उपचाराचं यश मानलं.

मग तिला आईच्या झाडाकडे जायचं होतं. एन्देलने चिखलाचं निमित्त काढलं, गुडघ्याचं निमित्त काढलं. शेवटी ती शेजारच्या आस्ताबरोबर गेली. आस्ता ही विधवा, इल्मेची लहानपणापासूनची मैत्रीण. तिची जीभ गावाला माहीत आहे. दोघी दुपारी परतल्या. काइरेचा चेहरा इतका शांत झालेला एन्देलने आईच्या आजारपणापासून पाहिला नव्हता.

"मी त्या क्रुसाला पाठ लावून बसले," ती म्हणाली. "आई तिथे आहे, बाबा. मला स्पष्ट जाणवलं."

एन्देल काळ्या पावाला लोणी लावत राहिला. ती तिथे नव्हती. ती तिथे नसावी म्हणून त्यानेच तर सगळं केलं होतं. पण हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने पावावर मीठ भुरभुरलं आणि तो तुकडा तिच्यापुढे सरकवला. आस्ता दारातच उभी होती. ती काही बोलली नाही, आणि आस्ता काही बोलत नाही तेव्हा माणसाने सावध व्हावं.

काइरे परत गेली. तिची बस सुटली तेव्हा एन्देलला पहिल्यांदा वाटलं, की आपण दोघींना गमावून बसलोय, एकीला सांगता येत नाही म्हणून आणि दुसरी येत नाही म्हणून.

त्या वर्षी बर्चचं पाणी काढायचं राहूनच गेलं. पानं फुटली, कोकीळ ओरडायला लागला, दिवस लांबले. पाइनच्या बनात ऊन शिरायला लागलं की हिवाळ्यात कोरलेले क्रूस पाझरायला लागतात. झाड जखमेवर डिंक आणून सोडतं, तो उन्हात वितळून खाली ओघळतो आणि मग मधासारखा गोठून बसतो. आमच्याकडे त्याला क्रूस रडला म्हणतात. झाडाने माणसाला ठेवून घेतल्याची ती खूण.

आस्ता जूनच्या सुरुवातीला एका सकाळी आली. हातात तिने केलेलं जिऱ्याचं पनीर होतं, फडक्यात बांधलेलं. ते तिने टेबलावर ठेवलं, इल्मेच्या कपाकडे बघितलं, लोटलेल्या दाराकडे बघितलं आणि बाकावर बसली.

"तुझा क्रूस रडला नाही," ती म्हणाली.

"थंडी होती. बोटांना कळलं नाही."

"बोटं बधीर होतात, एन्देल. डोळे होत नाहीत. तुझ्याएवढी झाडं या तालुक्यात कोणी पाहिलेली नाहीत आणि तुला नेमकं हेच झाड मिळालं?"

एन्देलने पनीर सोडायला घेतलं. गाठ सुटेना. आस्ताने ते त्याच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"आली का ती?"

त्याने मान हलवली. नाही.

"नाहीच येणार. चार महिने झाले, घर विसरली ती. आणि झाडाने ठेवून घेतलं नाही, तर तिथेही नाही." आस्ताचा आवाज एकदम खाली आला. "माझा रिखार्ड गेला तेव्हा माझंही घर असंच झालं होतं. आजही आहे. पण रविवारी मी वळणावर जाते, त्याला दोन शिव्या घालते आणि परत येते. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. इल्मे कुठे आहे, सांग बरं मला? तू तिला रस्त्यावर ठेवलंस, एन्देल. भर थंडीत, शवपेटीतल्या त्या पातळ बुटांवर."

ती गेल्यावर एन्देल तिथेच बसून राहिला. पातळ बुटांची गोष्ट त्याच्या मनातून जाईना. ते बूट त्यानेच निवडले होते, कारण ती लग्नात नाचली होती तशा घाटाचे ते होते. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून आपण तिला एकटं सोडलं, हे त्याला त्या बाकावर लख्ख कळलं, आणि तो ओक्साबोक्शी रडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. म्हाताऱ्या माणसाचं रडणं काही बघण्यासारखं नसतं, आणि बघायला होतंही कोण.

दुपारी त्याने चाकूला धार लावली. दगडावर पाणी टाकून, अंगठ्यावर बघून, पुन्हा टाकून. एवढी धार तर डुक्कर कापतानाही कोणी लावत नाही. कोटाच्या खिशात हात घातला तर एक गुळगुळीत लाकडाचा तुकडा लागला. इल्मेची खुंटी, मागच्या वर्षीची, जास्तीची उरलेली. हा कोट बाहेर जाताना दोघंही घालायची.

तो वळणावर चालत गेला. बनात कोणी नव्हतं. हिवाळ्यातले बाकीचे क्रूस चकाकत होते, एकावर तर माशी अडकली होती. इल्मेचा क्रूस कोरडा ठणठणीत होता, लहान पोराने खडूने भिंतीवर काढल्यासारखा. त्याच्या खालीच काइरे पाठ टेकून बसली असणार.

एन्देलने टोपी काढली. झाडासमोर उभं राहून काय म्हणतात ते त्याला माहीत होतं, जन्मभर ऐकलं होतं, पण स्वतः कधी म्हटलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खोडावर हात ठेवला.

"थोडं लागेल हं," तो म्हणाला. "तिच्यासाठी."

आणि चाकू आत घातला. साल संपली तिथे त्याचा हात थांबला. इथून पुढे गेलं की ती घरी येणार नाही, कधीच नाही. कप पालथा करायचा, पलंगाच्या मधोमध झोपायचं. त्याने दात आवळून जोर लावला. चाकू ओल्या लाकडात शिरला आणि जंगलाचा तो वास, जो चाळीस वर्षं त्याच्या कपड्यांना यायचा आणि ज्याच्यावरून इल्मे त्याला दारातच उभं करायची, तो त्याच्या अंगावर आला. त्याने उभी रेघ ओढली, आडवी ओढली. जेवढं लागेल तेवढंच कापलं, एक केसभरही जास्त नाही.

मग तो झाडाला पाठ टेकून खाली बसला, काइरेने शिकवलं होतं तसा. डोळे मिटले. खोड हलत होतं.

"घरी येऊ नकोस आता," तो म्हणाला. "मी येत जाईन."

त्याला तिथे काही जाणवलं का, हे मला सांगता येणार नाही, कारण त्याने ते कोणालाच सांगितलेलं नाही. ऊन कलेपर्यंत तो बसला होता. उठून मागे बघितलं तर आडव्या रेघेच्या टोकाला डिंकाचा एक थेंब आला होता, डाळीच्या दाण्याएवढा. त्याने बोट लावलं. बोटाला चिकटलेलं त्याला कळलं.

घरी येऊन त्याने तुर्कूला फोन केला.

"तुझी आई तिथे आहे," तो म्हणाला.

"मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की, बाबा." काइरेच्या आवाजात थोडा तोरा होता, तिला तो शोभतो. "मग येतोस का माझ्याकडे?"

"रविवारी मला इथे काम असतं," एन्देल म्हणाला. "तूच ये. पाठ टेकायला."

फोन ठेवल्यावर त्याने इल्मेचा कप धुतला आणि फळीवर पालथा घातला. खिशातली खुंटी त्याच्याशेजारी ठेवली. पुढच्या मार्चमध्ये लागणार होती. मग दारापाशी गेला. कडी लागेना. लग्न झाल्यापासून त्याने ती एकदाही लावली नव्हती, नेहमी त्याच्यामागून इल्मेच लावायची. त्याने ढकलून बघितलं, ओढून बघितलं, एक शिवी घातली. लोखंड लाकडाला आपटायचं आणि परत फिरायचं. मग त्याला आठवलं. ती दार लोटताना खाली वाकायची, आणि त्याला कायम वाटायचं की बुटांतलं बर्फ झाडतेय.

तो वाकला. दाराच्या खालच्या फळीला गुडघा लावला आणि दार जरासं उचललं. तिथे, गुडघ्याच्या उंचीवर, रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. कडी अलगद बसली.